गुलाबांच्या वाफ्याची कड

माझे सासरे जंगलखात्यात साहेब होते. साठ साल नुकतंच उलटलं होतं, जयनगरात नवी घरं उठत होती, त्यातलंच एक आमचं. पुढच्या अंगणात मामंजींचा गुलाबांचा वाफा, आणि वाफ्याभोवती गोट्यांची कड. एक चुन्यानं पांढरा, एक कावेनं लाल, सरकारी कंपाउंडात रंगवतात तसे. येणारा-जाणारा म्हणायचा, "वा, काय गुळगुळीत दगड मिळालेत!" मामंजी खूश. मला त्या वाफ्याची अजून शिसारी येते.

ते गोटे कनकपुऱ्याकडच्या रानात राहणाऱ्या इरुळिग आदिवासींचे होते. त्यांच्यातली एक बाई दरवर्षी आमच्याकडं मध विकायला यायची, तिच्याकडून मला हे कळलं. माणूस गेलं की ते त्याला पुरतात आणि त्याच्या नावानं ओढ्यातला एक गोटा वस्तीजवळच्या खोपीत आणून ठेवतात. गेलेलं माणूस त्यात येऊन बसतं. सगळी एकाच खोपीत, जवळजवळ. मोहोळ उतरवलं की पहिला मध त्यांना.

खात्याला तिथं नीलगिरी लावायची होती. वस्ती उठवली, खोप पाडली आणि गोटे लॉरीतून आमच्या दारात उतरले.

"जमिनीचा कागद दाखवा म्हटलं," मामंजी जेवताना सांगत होते, "तर म्हणतात, आमचे म्हातारे बसलेत ना इथं! कुठायत म्हातारे? तर हे दगड!"

सगळे खो खो हसले. सासूबाईंना तर हसता हसता ठसका लागला. आणि आमच्या देवघरात काय होतं? नर्मदेतला बाण. तोही नदीतला गोटाच की! पण सोवळ्याशिवाय त्याला शिवायची कुणाची छाती नव्हती.

त्या वर्षी ती बाई आली ती रिकाम्या हातानं. मामंजी जीपमध्ये बसत होते. ती आडवी गेली.

"सामी, आमची माणसं द्या."

"कसली माणसं?"

तिनं वाफ्याकडं बोट केलं. मामंजींचा मूड बरा होता. "सरी, ठीक आहे, एक घेऊन जा. पुन्हा येऊ नकोस."

"एक कसं नेऊ? सगळी मिळून बसतात, सामी."

"मग राहू दे," म्हणाले आणि गेले.

ती वाफ्याशी बसली आणि नखानं एकेका गोट्याचा रंग खरवडू लागली. मी जवळ गेले. "कुणाला शोधतेस?"

"आईला. उन्हाळ्यात गेली. मीच तिला ओढ्यातनं आणली होती. काळी आहे, अंगावर पांढरी रेघ. स्वल्प पाणी दे, अक्का. धुवून बघते. यांनी सगळ्यांची तोंडं एकसारखी केलीत."

तो गोटा मला ठाऊक होता. चांगला जड आहे म्हणून सासूबाईंनी तो रंगवायच्या आधीच आत नेला होता, आणि मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्या वर येऊ नयेत म्हणून बरणीत दाबून ठेवला होता. आम्ही रोज पानात त्याच कैऱ्या वाढून घेत होतो.

सासूबाई दुपारच्या पडल्या होत्या. मी बरणीत हात घातला, गोटा काढला, धुतला आणि तिला नेऊन दिला. तिनं त्याचा वास घेतला. पदरानं पुसला, पुन्हा वास घेतला. मग पोटाशी धरून नुसती बसून राहिली. मला वाटलं, चला, एक तरी सुटली यांच्या तावडीतून.

"जा लवकर," मी म्हटलं. "त्या उठायच्या आत."

"कुठं नेऊ, अक्का? खोप गेली. तिथं तारेचं कुंपण आहे. हिला एकटीला कुठं बसवू?"

मग तिनं वाफ्याच्या कडेला दोन गोट्यांमधली माती हातानं उकरली आणि आईला तिथं बसवलं, तिच्या माणसांत. उठली आणि मागं न बघता निघून गेली.

संध्याकाळी मामंजींना फाटकातूनच तो काळा गोटा दिसला. "हा एक राहिला वाटतं," ते म्हणाले. सकाळी शिपाई चुन्याची बादली घेऊन आला.