डोनाटिला हाक मारत नाही

डोनाटिला पोरांना जेवायला कधी हाक मारत नाही. रताळी शिजली की हात पुसते, उतारावरच्या रानात जाते आणि दोघांचे हात धरून त्यांना घरी आणते. आमच्या टेकडीवरच्या बायका हसतात. "हिच्या तोंडाला काय कुलूप लागलंय का?" मी शेजारीण. मला हसू येत नाही.

चौऱ्याण्णव साली रवांडाभर तुत्सींची कत्तल चालली होती, तेव्हा समोरच्या कॉन्सिल्दची मुलं ज्वारीत लपली होती. मारेकरी शोधून थकले. मग डोनाटिलाच्या आईनं, वेरेदियानानं, बांधावर उभं राहून हाक मारली, "या रे, रताळी झालीत." एरवी तिच्याच चुलीपाशी जेवणारी पोरं ती. आली. लहानगी डोनाटिला दारात उभी होती.

पुढं कत्तलीचा न्याय करायला झाडाखाली बसलेल्या गावसभेत वेरेदियाना म्हणाली, "मी कुणावर हात उचलला नाही." खरं होतं ते, आणि म्हणूनच माझं डोकं अजून फिरतं.

तिला तुरुंग झाला. नवऱ्यानं दुसरं घर मांडलं. घेवड्याचा डबा घेऊन तुरुंगाच्या दारात उभी राहायची ती डोनाटिलाच, आधी पोर म्हणून, मग स्वतः पोरांची आई होऊन.

परवा म्हातारी सुटली.

"घरात घेतेस?" मी विचारलं. "कॉन्सिल्द समोर राहते, बाई."

"माहितीय, मावशी. कंटाळलेय मी आता. एकदा आईशेजारी बसून जेवायचंय, एवढंच. मग कुणी काही म्हणू दे."

संध्याकाळी मी तिथंच होते. डोनाटिला रताळ्यांचं पाणी काढत होती. म्हातारीला वाटलं, लेकीला तेवढाच हातभार. ती बांधावर गेली.

"या रे, रताळी झालीत."

आवाज जराही म्हातारा झाला नव्हता.

पोरं हसत, धावत आली; घरच्या कुणी त्यांना पहिल्यांदाच अशी हाक मारली होती. समोरच्या दारात कॉन्सिल्द येऊन उभी राहिली. ती पोरांकडं बघत नव्हती, ज्वारीकडं बघत होती.

डोनाटिलाच्या हातातलं भांडं कलंडलं. तिनं पोरांना आत ढकललं. मग एका ताटलीत रताळी घेतली आणि उंबऱ्याबाहेर ठेवली.

"आई," ती म्हणाली, "तू इथंच जेव."