विषय : फणस तोडणेबाबत

परमेश्वराने माणूस जन्माला घातला तो अर्ज करण्यासाठी, अशी माझ्या मामेसासऱ्यांची, म्हणजे बायकोच्या मामांची, पक्की समजूत आहे. रत्नागिरीतल्या एका कचेरीत दुसऱ्यांचे अर्ज तपासण्यात त्यांचा उभा जन्म गेला आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी त्याचं उट्टं काढायला घेतलं. वीज गेली की अर्ज. रस्त्याला खड्डा पडला की अर्ज. शेजारचा कोंबडा अवेळी आरवायला लागला तर शेजाऱ्याला अर्ज, आणि तोही 'आपल्या कोंबड्यास योग्य ती समज देणेबाबत'! घरातही तोंडाने काही मागणं त्यांना लाजिरवाणं वाटतं. एकदा ओट्यावर चिठ्ठी सापडली, 'विषय : दुपारचा दुसरा चहा मिळणेबाबत.' खाली 'सोबत जोडले आहे : रिकामा कप एक.' कप खरोखरच जोडलेला होता. बायकोने चहा केला, पण चहा मिळाल्याची पोच स्वतः लिहून देईपर्यंत त्यांनी त्याला तोंड लावलं नाही आणि मग थंड झाला म्हणून कुरकुरत बसले.

मामामामींना मूलबाळ नाही. मामी गेल्यावर मामांनी मिरजोळ्याची आपली जागा भाचीच्या नावावर केली आणि मला म्हणाले, "जावईबापू, घर बांधा. मला एक खोली ठेवा, खिडकी असलेली." जागेत दोन जुनी झाडं होती. रस्त्याच्या बाजूला रायवळ आंबा आणि मधोमध कापा फणस. इंजिनिअरने नकाशा काढला तेव्हा आंबा आला पडवीत आणि फणस बरोबर स्वयंपाकघरात. बायकोचा चेहरा उतरला. "अहो, तो मामीचा फणस," ती म्हणाली. "नवी नवरी होऊन आली तेव्हा देवरूखहून, माहेरच्या फणसाची आठळी पदराला बांधून आणली होती तिने." मी भीत भीत मामांकडे विषय काढला. त्यांनी चष्मा नाकावर चढवला. "अर्जात भावनेचा रकाना नसतो, जावईबापू. बायला, माझ्या भाचीला, घर होतंय, ते महत्त्वाचं. दोन्ही झाडांची परवानगी मी आणतो," असं म्हणून त्यांनी फुलस्केप कागदाचा गठ्ठा पुढे ओढला.

पुढचे पाच महिने मी जे भोगलं ते वैऱ्यालाही नको. 'झाड तोडण्याचे कारण' या दोन ओळींच्या जागेत मामांनी पुरवणी जोडून तीन पानं लिहिली. कचेरीतला कारकून हात जोडून म्हणाला, "मामा, एक ओळ पुरते हो." त्यावर मामा म्हणाले, "झाडाचं काम आहे. फांदी फांदीने लिहायला नको?" झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजतात. पाहणीला आलेले साहेब ताडमाड उंच, आणि मामा त्यांच्या कोपराला लागणारे. झालं! छाती साहेबांची धरायची की अर्जदाराची, यावर अर्धी सकाळ गेली. शेवटी दोन्ही छात्यांवर घेर मोजला, दोन्ही आकडे लिहिले, आणि घामाघूम झालेले साहेब त्याच फणसाच्या सावलीत बसून कोकम सरबत प्यायले. त्यानंतर दर सोमवारी मामा छत्री घेऊन कचेरीत. मी एकदा वैतागून म्हणालो, "मामा, तोवर झाड म्हातारं होऊन आपोआप पडेल!" ते शांतपणे म्हणाले, "पडलं तर पडल्याचा वेगळा अर्ज."

आणि एक दिवस परवानगी आली! मामांनी कागद देवापुढे ठेवला आणि म्हणाले, "ही सरकारची झाली. आता जाग्याच्या राखणदाराची." आमच्याकडे जुन्या झाडाला हात लावण्यापूर्वी गाऱ्हाणं घालतात. एकाने नारळ ठेवून राखणदाराशी बोलायचं आणि प्रत्येक मागणीनंतर जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी, बायको आणि कुऱ्हाड घेऊन आलेला झाडतोड्या असे तिघे मामांच्या मागे उभे राहिलो.

"बा म्हाराजा! ह्या जाग्याचा जो कोण राखणदार असशील त्येस, विनंती अर्ज करतो की, सदर आंबा सदर लेकरांच्या घराच्या आड येत असल्याकारणाने तो तोडण्यास तुझी हरकत नसावी!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

मामा फणसाकडे वळले. "बा म्हाराजा! सदर फणस..." ते थांबले. "हा फणस जिने लावलान, ती आता नाय. तिला राग आला तर तो माझ्यावर येऊ दे, पोरांवर नको. हा तोडायला कोणाची हरकत नाय."

कोणी काही बोललं नाही. बायकोने पदर तोंडाशी धरला होता. पाच महिने ज्या झाडाच्या नावाने मी बोटं मोडली, ते समोर उभं होतं आणि माझा आवाजच फुटेना. मामांनी वाट पाहिली. मग खणखणीत म्हणाले, "हरकत नाय!" झाडतोड्याने कुऱ्हाड खाली ठेवली. "मामा, माज्या पन तोंडातनं येत नाय," तो म्हणाला.

मामांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "म्हणजे नामंजूर," ते म्हणाले. "ह्याच्यावर अपील नाय हां." आणि मामी गेल्यापासून पहिल्यांदा ते मोठ्याने हसले. मला तर इतकं हलकं वाटलं की मी त्या झाडतोड्याला मिठीच मारली.

इंजिनिअर तेवढा चिडला. स्वयंपाकघर मागे ढकलल्यामुळे आमचं घर एका अंगाला आखडल्यासारखं दिसतं आणि येणारा प्रत्येक पाहुणा ते बोलून दाखवतो. दाखवू दे. मामांची खिडकी फणसावर उघडते. दर उन्हाळ्यात त्यांचा मला अर्ज येतो, 'विषय : वास सुटल्यामुळे पहिला फणस उतरवणेबाबत.' मी 'मंजूर' लिहितो आणि आम्ही हाताला तेल लावून फणस फोडायला बसतो.

यंदा वास सुटला, पण अर्ज आला नाही. मामांचा हात आता फार थरथरतो. अक्षर ओळ सोडून धावतं, आणि तसला अर्ज द्यायची त्यांना लाज वाटते. चार दिवस वाट पाहून मीच त्यांच्या वतीने अर्ज लिहिला आणि सहीसाठी पुढे ठेवला. त्यांनी तो तीनदा वाचला.

"चूक आहे," ते म्हणाले. "'प्रति' मध्ये तुम्ही स्वतःचं नाव घातलंत. फणस काय तुमचा आहे?"

मी माझं नाव खोडून मामींचं लिहिलं. खाली 'आपला विश्वासू' होतं, त्याखाली मामांनी सही केली. पाच अक्षरांना त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी कागद खिडकीत ठेवला, वर चष्म्याची डबी ठेवली, आणि आमच्याकडे बघत बसले.

"व्हय म्हाराजा," बायको आणि मी एकदमच म्हणालो, आणि मी कोयता आणायला उठलो.