पहिला जोडा

सुभान मिस्त्रीशी बोलण्यापेक्षा आडात तोंड घालून ओरडावं, निदान आपला आवाज तरी परत येतो, असे शिरूरला त्याच्या आळीत म्हणत. पासष्टची लढाई झाली आणि हीच माणसे निराळे बोलू लागली. बोलत नाही त्याअर्थी पोटात काहीतरी असणार. शेजारची मालनबाई त्याच्या भिंतीला कान लावून रेडिओवर कुठले ठेसन लागते ते ऐके. बातम्या पुण्याच्याच निघाल्या की तिचा विरस होई. "मग आवाज एवढा बारीक कशाला ठिवतो?" असे ती पाण्याच्या नळावर विचारी.

सुभान सोसायटीचा ट्रॅक्टर चालवी आणि दुरुस्तही करी. त्याआधी तो लष्करात रणगाड्यांचा फिटर होता. आळीला हे ठाऊक होते. पण लष्करातला सुभान आणि समोर दिसणारा सुभान हा एकच माणूस आहे, हे आता कोणाला मान्य करायचे नव्हते.

सहासष्टचा दसरा जवळ आला तेव्हा सोसायटीचे चेअरमन हौसराव यांनी भंगाराच्या लिलावातून एक रणगाडा मिळवला. तो रेल्वेने दौंडला उतरला आणि तिथून एका ठेकेदाराच्या ट्रेलरवरून शिरूरच्या बाजार मैदानात आला. इंजिन काढलेले, तोफेची नळी अर्ध्यात कापलेली. हौसरावांनी त्याला हिरवा रंग फासला, त्यावर पाकिस्तानचा झेंडा रंगवून घेतला आणि हा शत्रूकडून धरलेला पॅटन रणगाडा आहे, असे जाहीर केले. दसऱ्याला सोने लुटायला जाण्याआधी साऱ्या गावाने त्याला जोडे मारायचे ठरले. पहिला जोडा माजी सैनिक सुभान मिस्त्री मारणार, अशी दवंडीही पिटली. सुभानला कोणी विचारले नव्हते.

दवंडी ऐकून तो मैदानात गेला. रंगाकडे त्याने पाहिले नाही. मागचे मोठे चाक जमिनीला टेकलेले होते. पुढचा पत्रा एकसंध आणि उतरता. दोन इंजिने मावावीत म्हणून पाठ उंच केलेली. पॅटन याच्या तिप्पट वजनाचा. हा स्टुअर्ट होता, आपल्याच फौजेचा जुना, हलका रणगाडा. अठ्ठेचाळीस साली काश्मीरच्या मोहिमेत असेच रणगाडे झोजीच्या घाटावर चढवले होते. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून त्यांची टकुरी, म्हणजे वरचे तोफेचे बुरूज, उतरवून, ताडपत्री घालून ते पुढे नेले, आणि घाटाच्या पायथ्याला बुरूज पुन्हा बसवले. त्या बर्फात पान्हा हाताच्या कातडीला चिकटे. सुभानच्या तुकडीतल्या दगडोबा नावाच्या ड्रायव्हरच्या पायाची बोटे तिथेच काळी पडून झडली.

त्याने पत्र्यावर हात ठेवला. रंग ओला होता, तळवा हिरवा झाला, आणि त्याला कवठे येमाईतली दिवाळी आठवली. हौसराव आणि तो एकाच गावचे, एकाच वर्गातले. हौसरावांच्या अंगणात मातीचा किल्ला होई आणि कुंभाराकडून मातीचे सैनिक येत. चांगले मावळे हौसराव घेई. मान उडालेले, हात तुटलेले सुभानच्या वाट्याला. "तू खान. तुझी फौज खाली." मग वरून ढेकळांचा मारा होई आणि खानाची फौज फुटली की सगळी पोरे नाचत. एका वर्षी सुभानने आपला एक सैनिक बादलीत धुतला. रंग गेला आणि खालून तोच चेहरा, तीच मिशी, तोच कमरेचा शेला निघाला. "हौश्या, ह्यो पण मावळाच हाय की. एकाच साच्यातला." हौसरावने तो सैनिक त्याच्या हातातून घेतला आणि दगडावर आपटला. पुढच्या दिवाळीला सुभानला अंगणात घेतले नाही.

दसऱ्याच्या सकाळी शेडमध्ये ट्रॅक्टरची पूजा झाली. सुभानने आदल्या दिवशी तो धुऊन पुसून ठेवला होता. हौसरावांनी झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिले, नारळ वाढवला. माणसे पांगल्यावर सुभान म्हणाला,

"चेअरमनसाहेब, मैदानातला टँक पॅटन न्हाई. आपला हाय."

"मला म्हाईत हाय."

सुभानने मान वर केली.

"खरा पॅटन कोण देतोय मला? लोकांना काय, लोखंड दिसलं म्हंजी झालं," हौसराव रुमालाला हात पुसत म्हणाले. "आन् टँक कुणाचा ते कोण बघतंय? लोकांना तुला बघायचंय. तुझ्या हातनं पहिला जोडा पडला की गावाचं समाधान हुतंय. तुझ्याच भल्याचं सांगतो."

"आन् न्हाई मारला तर?"

"तर मंडळी म्हणत्यात, ट्रॅक्टर दुसऱ्याच्या हातात द्या. मी कुठवर आवरू, सुभान्या?"

घरी त्याच्या बायकोने, खातूनने ताट वाढले. तिलाही दवंडी ऐकू आली होती, आणि मालनबाईने ती पुन्हा मुद्दाम दारात येऊन सांगितली होती.

"एक जोडा मारा आन् या," खातून म्हणाली. "लोखंडाला काय लागतंय? हितं दोन पोरी हायत. नोकरी गेल्यावर ह्या आळीत आपल्याला कोण ऱ्हाऊ देतंय?"

"आज दसरा हाय," सुभान म्हणाला. "आज सुतार वाकसाला पाय लागू देत न्हाई."

"ते त्यांचं हत्यार."

"आन् ते माझं."

तिने पुढे भाकरी सरकवली. त्याने ती मोडली नाही.

मैदानात माणूस मावत नव्हता. बायका दुकानांच्या पायऱ्यांवर उभ्या होत्या. हौसरावांनी भाषणात देश, धर्म आणि सोसायटी यांची सांगड घातली आणि एक नवी कोल्हापुरी वहाण सुभानच्या हातात दिली. सुभान रणगाड्यासमोर आला आणि थांबला.

"मार की!"

"हात का जड झाला, मिस्त्री?"

"सोयऱ्याला कसा मारंल?" कोणीतरी म्हणाले, आणि मोठा हशा झाला.

"रेडिओ ऐकून ऐकून काळीज तिकडंच गेलंय त्याचं!" हा आवाज मालनबाईचा.

सुभानने खातूनला शोधले. ती पायऱ्यांवर दिसत नव्हती. त्याने वहाण खाली ठेवली, खिशातून ट्रॅक्टरची चावी काढून तिच्यावर ठेवली, आणि रणगाड्याला पाठ लावून तो गर्दीकडे तोंड करून उभा राहिला. एक ढेकूळ त्याच्या खांद्याशेजारी पत्र्यावर फुटले. हौसराव मंचावरून घाईने उतरून त्याच्याजवळ आले आणि दातओठ खात हलक्या आवाजात म्हणाले, "अजून वेळ गेली न्हाई. उचल ती वहाण. समदा गाव बघतोय."

सुभान सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलला.

"बघू दे गावाला. ह्यो टँक आपला हाय, आन् तुला ते ठावं हाय. ह्याच जातीच्या टँकाची टकुरी मी बर्फात बसून बसवल्यात. जोडा मारायची एवढीच खाज असंल, हौश्या, तर मला मार. ह्याला हात लावलास तर हात उपटून ठिवीन."