कुत्र्याच्या वरचा हुद्दा

राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा हैदराबाद राज्याचे तीन भाग होऊन तीन शेजाऱ्यांकडे गेले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आमचे निम्मे नातेवाईक त्याच्या पाठोपाठ औरंगाबादला गेले. बाबा सचिवालयात सुपरिंटेंडेंट होते. ते इथेच, हैदराबादेत राहिले. त्यांच्या कचेरीत आंध्रच्या जुन्या राजधानीतून, कर्नूलहून आलेले लोक रुजू झाले आणि दोन्हीकडच्यांची मिळून एकच ज्येष्ठता यादी होणार असं ठरलं. कोण कोणाच्या वर, याखेरीज त्या वर्षी बाबांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

मी बारा वर्षांची होते. सुलतान बाजारात शाळेची पुस्तकं आणायला गेले आणि पुस्तकांबरोबर एक पिल्लू घेऊन आले. नावावर घरात एकमत झालं नाही, त्यामुळे ते 'कुत्रं'च राहिलं. सहा महिन्यांत ते गुडघ्याच्या वर आलं.

आम्ही नारायणगुड्यात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. खाली घरमालक. ते वकील होते, सारी हयात उर्दू कोर्टात गेलेली, आणि चिडले की मराठीतही कोर्टासारखंच बोलत. कुत्र्यानं त्यांचा जोडा तीनदा पळवला, तेव्हा त्यांनी तो तीनदा शोधून आणला. मग एके दिवशी ते पूजा आटोपून ओसरीवर आले तर त्यांच्या आरामखुर्चीत कुत्रं बसलेलं. वकिलांनी हुसकावलं. कुत्रं गुरगुरलं आणि बसून राहिलं.

"एक महिन्याची मुद्दत देतो," ते बाबांना म्हणाले. "महिन्यानं इथं अंगणात पेशी, माझ्यासमोर सुनावणी. तुम्ही सांगितल्यावर कुत्रं बसलं तर राहील. नाही बसलं तर जाईल. अपील नाही."

मी त्या दिवशी जेवले नाही. बाबा मात्र उत्साहात आले.

हिमायतनगरात त्यांच्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार होते. फौजेत असताना त्यांनी कुत्री शिकवली होती. त्यांना सल्ला विचारला.

"साब, कुत्ते कू पैले मालूम होना, घर में बडा कौन," सुभेदार म्हणाले. "आप नै बताए तो वो खुदीच बडा बन जाता." मग त्यांनी नियम सांगितले. मोठा आधी जेवतो. मोठा दारातून आधी जातो. मोठा उंचावर बसतो.

बाबांना हे लगेच पटलं. त्यांच्या दृष्टीनं हा शिक्षणाचा नव्हे, ज्येष्ठतेचा प्रश्न होता. त्यांनी फुलस्केप कागदावर घराची यादी केली आणि स्वयंपाकघराच्या दाराला लावली. एक, ते स्वतः. दोन, आई. तीन, मी. चार, कुत्रं.

आईनं पोळ्या लाटता लाटता यादी वाचली.

"अहो, मी दोन नंबरला कोणत्या नियमानं?"

"रुजू झाल्याच्या तारखेनं."

"या घरात सामान घेऊन मी आधी आले. तुम्ही तेव्हा खानावळीत जेवत होतात."

"आक्षेप लेखी द्या," बाबा म्हणाले.

तीन आठवडे नियम पाळले गेले. बाबा कुत्र्यासमोर उभं राहून बिस्कीट खात. दारातून आधी जाता यावं म्हणून ते जिन्यावर धावत, आणि दोनदा दोघंही एकदमच दारात अडकले. कुत्रं बिस्किटाकडे बघे, बाबांकडे नाही. "बस" म्हटलं की ते अंग झटकून निघून जाई. आईनं नुसतं वळून पाहिलं तरी ते कान पाडून बसे. बाबांच्या मते हा योगायोग होता.

पेशीला पाच दिवस उरले तेव्हा कारण माझ्या लक्षात आलं. आमच्याकडे पहिली पोळी गायीची. नारायणगुड्यातल्या आमच्या गल्लीत गाय फिरकत नसे, म्हणून ती पोळी कुत्र्याला जाई. तिला तूपही लावलेलं असे. त्यानंतर बाबांचं ताट वाढलं जाई. कुत्र्याच्या लेखी यादी स्पष्ट होती. आई एक, ते स्वतः दोन, बाबा तीन.

मी बाबांना सांगितलं. सांगायला नको होतं.

"अगं, उद्यापासून पहिली पोळी बंद," बाबा आईला म्हणाले.

"गायीचा वाटा आहे तो. तुमच्या हुद्द्यापायी बंद करू?"

"मग माझ्या हातून जाऊ दे."

ते मात्र आईनं मान्य केलं. दुसऱ्या दिवसापासून बाबा सकाळी चुलीशेजारी पाटावर बसून पहिल्या पोळीची वाट पाहू लागले. त्यांच्या बाजूला कुत्रं, ताठ बसलेलं. दोघांची नजर आईच्या हातावर.

"बघ, बसलं!" बाबा मला म्हणाले.

बसलं होतं खरं. पण कुत्र्याला काय दिसत होतं, ते मलाही दिसत होतं. यावेळी मी गप्प राहिले.

पेशीच्या दिवशी, रविवारी सकाळी मी आईला म्हणाले, "तू गच्चीच्या कठड्याशी कपडे वाळत घाल."

"कपडे काल धुतलेत."

"परत धू ना, आई."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग कोरडी चादर बादलीत बुडवली.

अंगणात वकील उभे होते, कोट घालून. सुभेदारही आले होते. बाबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "बस."

कुत्र्यानं वकिलांच्या जोड्याकडे पाहिलं. बाबांनी पुन्हा सांगितलं. कुत्रं एक पाऊल जोड्याच्या दिशेनं सरकलं. तेवढ्यात वर चादर झटकल्याचा आवाज झाला. कुत्र्यानं मान वर केली. आई कठड्यावरून त्याच्याकडे बघत होती, दुसरं काही नाही.

कुत्रं बसलं. शेपूटसुद्धा आवरून बसलं.

"शाब्बास," बाबा म्हणाले.

वकिलांनी सावकाश वर पाहिलं, मग कुत्र्याकडे, मग बाबांकडे. सुभेदार मिशीवरून हात फिरवत भिंतीकडे वळले. त्यांचे खांदे हलत होते.

"तुम्ही सांगितल्यावर बसावं, अशी शर्त होती," वकील म्हणाले.

"मी सांगितलं. मग ते बसलं," बाबा म्हणाले. "क्रम बरोबर आहे."

या युक्तिवादात कुठं बोट ठेवायचं, ते वकील बहुधा शोधत होते. शेवटी त्यांनी बाबांशी बोलणंच सोडलं आणि मान वर करून हाक मारली.

"बाई, हे माझ्या खुर्चीत परत बसलं तर?"

"बसणार नाही," आई म्हणाली.

"ठीक आहे. मग राहू द्या."

मी कुत्र्याच्या गळ्यात पडले. ते जागचं हललं नाही. वरून "ऊठ" म्हणेपर्यंत ते हलणार नव्हतं, आणि आई चादर पिळत होती.