ज्या घरावर मत पडलं नाही

उंबरमळ्यात साखरबाईला साखरबाई म्हणणारं आता कुणी राहिलेलं नाही. गाव तिला आक्का म्हणतं आणि परगावची माणसं ‘बाटलीवाली आक्का’ म्हणतात. नवख्याला वाटावं, बाई दारू विकते. खरं तर तिनं गावातलं दारूचं दुकान बंद पाडलं, आणि त्यासाठी कुणावर दगडसुद्धा उचलला नाही.

लासुर्ण्याहून आत वळलं की दोन्ही बाजूंनी ऊस लागतो. त्या उसातून रस्ता जेमतेम बाहेर पडतो, तिथं हे गाव. साखरबाईचं सासर एके काळी मेंढरांमागं फिरणारं. तिचं लग्न ठरलं तेव्हा ती शेरडांना पाला आणायला गेली होती. परत आली तर पाहुणे चहा पिऊन उठले होते आणि तिच्या जन्माची गाठ बांधून झाली होती. नवरा आबाजी देवमाणूस निघाला, हे तिचं नशीब. पण नशीबच ते, तिला कुणी विचारलं नव्हतं. पुढं मेंढरं कधी विकायची, घर कुठं बांधायचं, लेक कुठं द्यायची, हेही तिला कुणी विचारलं नाही. निवडणूक आली की आबाजी सांगेल ते चिन्ह दाबून ती घरी यायची आणि भाकरी टाकायला बसायची.

मग बाटलीचं मतदान आलं. सोनबाचं देशी दारूचं दुकान होतं, सरकारी परवान्याचं, शाळेच्या वाटेवरच. शेजारच्या भागूबाईच्या पाठीवर रोज नवे वळ उठायचे आणि तिला हळद लावता लावता एक दिवस साखरबाईचं डोकं फिरलं. दुकान हवं असेल तर उभ्या बाटलीवर शिक्का, नको असेल तर आडव्या बाटलीवर, आणि मत फक्त बायकांचं. पुरुषांनी गलका केला, की गाव काय आमचं नाही का. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी शांतपणे सांगितलं, की दारूचा जाच ज्यांच्या घरात शिरतो त्यांनीच ठरवायचं असतं. हे बोलणं साखरबाईनं पदराच्या गाठीत बांधून ठेवलं. दारोदार फिरून तिनं बायका बाहेर काढल्या. बाटली आडवी झाली, दुकानाचं शटर खाली आलं, आणि ही बाई त्या शटरसमोर उभी राहून पोरीसारखी रडली. आपण कागदावर एक ठसा उमटवतो आणि एवढं मोठं लोखंड खाली येतं, याचं तिला इतकं नवल वाटलं, की पुढं कितीतरी दिवस ती येताजाता त्या शटरला हात लावून बघायची.

दुकान गेल्यावर सोनबाचा जीव गावात रमेना. त्यानं बारामतीला बिऱ्हाड हलवलं. टेम्पोत सामानावर त्याची लहान पोर, स्वराली, बसली होती. टेम्पो वळेपर्यंत ती साखरबाईकडं बघत होती. ना राग, ना रडू, नुसती बघत होती. आपण केलं ते रास्तच केलं, याबद्दल साखरबाईला कधी शंका आली नाही. पण त्या पोरीची नजरही तिला कधी विसरता आली नाही.

तीच स्वराली शेतीचं शिक्षण घेऊन गावात परत आली. बाप वारला होता, घर पडून होतं. तिनं ते नीट करून मागं शेडनेट टाकलं आणि उसाची रोपं करून विकायला लागली. बरोबर रेश्मा आली. ही पिंपळीची, चांगल्या बागायतदाराची लेक, बारामतीच्या एका दवाखान्यात नर्स. गावाला वाटलं मैत्रीण असेल, भाडं वाटून राहत असतील. उंबरमळा तसा सोयीचं समजून घेण्यात पटाईत. पण २०२३च्या दिवाळीनंतर, घरोघर तुळशीची लग्नं लागली त्याच आठवड्यात, दोघींनी रोपवाटिकेतल्या बायकांना साक्षीला ठेवून एकमेकींच्या गळ्यात हार घातले आणि गावभर पेढे वाटले. दरवर्षी उसाच्या मांडवात झाडाचं लग्न थाटात लावणाऱ्या गावाला हे लग्न काही पचेना. पेढे मात्र पचले.

त्याच सुमारास दिल्लीच्या मोठ्या कोर्टाच्या निकालाची चर्चा टीव्हीवर चालली होती. बाईचं बाईशी नि पुरुषाचं पुरुषाशी लग्न कायद्यात बसवायचं की नाही हे संसदेनं ठरवावं, असं कोर्टानं म्हटलं होतं. तरुण मंडळाच्या शंभूराजनं त्याचा सरळ हिशेब लावला. संसद म्हणजे लोक, लोक म्हणजे आपण, तर मग आपल्या गावापुरतं आपणच ठरवून टाकू. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत हात मोजायचे, आणि हात विरोधात गेले की दोघींनी गाव सोडायचं. पोरगा वाईट नव्हता. पण अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला होता आणि मोठ्या उत्साहानं साखरबाईच्या ओट्यावर येऊन बसला.

“आक्का, बाटली आडवी केली तशी ही भानगडबी आडवी करू. तुमी नुसत्या उभ्या ऱ्हावा, बायका आपसूक हात वर करत्यात.”

साखरबाईला ते लग्न समजलं नव्हतं, हे खरंच. दोन बायकांचा संसार म्हणजे काय, सकाळी आधी कुणी कुणासाठी उठायचं, हे तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. शिवाय मतावर तिची देवावर असावी तशी भक्ती. गाव मत मागतंय तर नाही कसं म्हणायचं? म्हणून उसाचं बेणं बघायचं निमित्त काढून ती रोपवाटिकेकडं गेली.

शेडनेटखाली हिरव्यागार रोपांचे ट्रे मांडलेले होते. रात्रपाळी करून आलेली रेश्मा दारातल्या बाजेवर झोपली होती, पायांत अजून मोजे तसेच. स्वराली ट्रेला पाणी देत होती. मधेच तिनं झारी ठेवली, ऊन सरकत बाजेवर आलं होतं तिथं एक जुनं पोतं आडवं बांधून सावली केली आणि पुन्हा झारी उचलली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघत नव्हतं. साखरबाई कुंपणाशी उभी राहिली ती उभीच. आबाजी चांगला होता, पण तो तिच्या वाट्याला आला होता. या दोघींनी एकमेकींना शोधून काढलं होतं, पिंपळी कुठं, उंबरमळा कुठं. आपल्याला कुणी विचारलं असतं तर आपण कुणाला निवडलं असतं, हा प्रश्न तिला आयुष्यात पहिल्यांदा पडला. बेणं न बघताच ती माघारी फिरली.

सभेला मारुतीच्या देवळापुढं एवढी गर्दी झाली, की सरपंच नागेशला घाम फुटला. झेंडावंदनाची जिलेबी खाऊन सगळे जमले होते. स्वराली आणि रेश्माही आल्या आणि बायकांच्या कडेला बसल्या. शंभूराजनं ठराव मांडला. नागेश ग्रामसेवकाकडं बघायला लागला, ग्रामसेवक आकाशाकडं. असला ठराव सभेला करता येत नाही असं तो पुटपुटला, पण ऐकतो कोण. तेवढ्यात साखरबाई उठली आणि शंभूराजनं ‘आता बघा’ म्हणून पोरांकडं पाहिलं.

“बाटलीच्या टायमाला तुमा पुरुषांना मत न्हवतं,” ती म्हणाली. “का, तर जाच ज्याच्या घरात, मत त्याचं. ह्या दोघींचा जाच कुणाच्या घरात शिरतोय? कुणाच्याच न्हाय. मग घर ज्यांचं, मत त्यांचं. दोघीच हायत. दोघींनी हात वर करावा, इषय मिटला.”

आधी हशा पिकला आणि मग माना हलायला लागल्या. तोड नामी होती. नागेशचा जीव भांड्यात पडला. त्यानं घाईघाईनं दोघींकडं बघून हात वर करा म्हणून सांगितलं. रेश्माचा हात अर्धा वर गेलासुद्धा. स्वरालीनं तो हळूच धरला, खाली घेतला आणि ती उभी राहिली.

“आक्का, तुमी आमच्या बाजूनं बोललात, हे मी इसरणार न्हाय. पण आमी हात वर करणार न्हाय. आज हात वर करून जिंकलो, तर उद्या कुणीबी म्हणंल, परत मोजा. माज्या बापाचं दुकान मतानं गेलं. ते बरोबरच गेलं, आमच्या घरातबी तवाच शांतता आली. पण ते दुकान व्हतं. हे घर हाय. हितं बसलेल्या कुणाचं घर मताला लागलं न्हाय, आमचंबी लागणार न्हाय.”

आवाज जराही चढला नव्हता. रोपांना पाणी सोडायचंय, एवढं सांगून दोघी निघाल्या. गर्दीनं वाट दिली. कुणी द्या म्हटलं नव्हतं, पण दिली.

साखरबाई उभीच होती. ज्या पोरीच्या नजरेचं ओझं तिनं इतकी वर्षं वाहिलं, त्या पोरीनं भर सभेत ते दोन शब्दांत उतरवून घेतलं होतं, आणि वर तिला तिच्याच विद्येतला राहिलेला धडा शिकवला होता. जिंकणारं मत हातात असताना ते न टाकता घरी जाणारं माणूस तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, आपण फार मोठं काहीतरी बघितलं. देवळापुढं उभी असूनही तिचे हात देवाकडं नाही, त्या दोघी गेल्या त्या वाटेकडं जोडले गेले.

“चुकलं माजं,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “चांगलं करायच्या नादात मीबी त्यांचं घर मताला लावाय निघाले व्हते. नागेश, फुडचा इषय घे.”

शंभूराजनं तोंड उघडलं, पण मागून भागूबाईनं त्याला बस खाली म्हटलं आणि तो बसला.

पुढचा विषय होता ओढ्यापलीकडं नळाचं पाणी न्यायचा. ग्रामसेवकानं हायसं वाटून घसा खाकरला आणि विचारलं, की पाइप नेमका कुठवर न्यायचा. चर शंभूराजच्याच जेसीबीनं खोदले जायचे होते, सगळी मापं त्याच्या डोक्यात होती.

“शेवटची तोटी त्या दोघींच्या घरापातूर,” तो म्हणाला.

म्हणाला आणि स्वतःच चपापला. त्या घराला गावात आजवर सगळे सोनबाचं घर म्हणत होते. कुणी हसलं नाही. ग्रामसेवकानं ऐकलं तसंच मोठ्यानं म्हटलं, “त्या दोघींच्या घरापर्यंत. मंजूर?”

सगळ्यांचे हात वर गेले. साखरबाईनंही हात वर केला, आणि बाकीचे हात खाली आले तरी तिचा बराच वेळ वरच होता.