लाल बटण, हिरवं बटण आणि नानांचा फ्यूज

फिजिक्सच्या लॅबमध्ये चार वर्षं काढली की किस्से जमवावे लागत नाहीत, तेच येऊन चिकटतात. मी नव्वद सालच्या आसपास जळगावच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट होतो. आमचे लॅब अटेंडंट नाना, पारोळ्याचे. रोज एसटीनं यायचे.

पोरं टेबलावरचे पॉवर सप्लाय तसेच चालू ठेवून पळायची. म्हणून हेडसरांनी पहिल्या मजल्यावर आपल्या केबिनमध्येच दोन बटणं बसवून घेतली. लाल दाबलं की खालची अख्खी लॅब बंद, हिरवं दाबलं की चालू. सरांना कोण आनंद!

*

पहिल्याच आठवड्यात सरांनी ऐन परीक्षेत लाल बटण दाबून पाहिलं. अर्धा तास करंट नाही. तरी एका पठ्ठ्यानं बाराच्या बारा रीडिंग लिहून पेपर दिला!

"अरे, वीज नसताना?" मी उडालोच.

"सर, गेल्या वर्षी भावाला हीच आली होती!"

*

मग माझी पाळी. लाल बटण दाबलेलं, म्हणून मी बिनधास्त हाय व्होल्टेजचा सप्लाय उघडला, आत बोट घातलं आणि थेट कपाटावर जाऊन आदळलो. आईशप्पथ, दातसुद्धा वाजले!

नाना शांतपणे म्हणाले, "भाऊ, करंट गया, पन कपॅसिटरना पोटमा शे ना आजून!"

त्यांची रीत ठरलेली. आधी लॅबचा मेन फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकायचा, मग कपॅसिटरमध्ये साठलेला करंट काढून टाकायचा, मग हात घालायचा. वरच्या बटणावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

*

एका शनिवारी तो फ्यूज खिशातूनच पारोळ्याला गेला. सोमवारी बाहेरचे परीक्षक हजर, सर हिरवं बटण दाबून दाबून घामाघूम, आणि नानांची एसटी लेट! दुसऱ्या दिवशी नोटीस लागली: 'फ्यूज खिशात ठेवू नये. लाल बटण पुरेसे आहे.'

नाना नुसते "बरं" म्हणाले.

*

पुढच्याच शनिवारी लाल बटण दाबलेलं, नानांचे दोन्ही हात हाय व्होल्टेजच्या सप्लायमध्ये. मी शेजारी टॉर्च धरून. तेवढ्यात वरच्या बटणांना जोडलेल्या भिंतीवरच्या पेटीत खट्ट! म्हणजे वरून कुणीतरी हिरवं दाबलं होतं.

"नाना!" मी ओरडलो. टॉर्च पडला. नाना तसेच वाकलेले, हात आतच.

जिन्यावर पावलं वाजली आणि धाडकन दार उघडलं. सर पाहुण्यांना घेऊन आत. "अहो नाना, मी यांना वरून लॅब चालू करून दाखवतोय, अन् इथे करंट का—"

त्यांना नानांचे हात दिसले होते.

नानांनी हात सावकाश बाहेर काढले, पुसले. जेवणाचा डबा उघडला. कळण्याच्या भाकरीखालून कागदात गुंडाळलेला फ्यूज काढून टेबलावर ठेवला.

"सर, नोटीसमा खिसा व्हता. डबानं काही लिखेल नव्हतं."

सर मटकन स्टुलावर बसले. नानांनी अर्धी भाकरी मोडून त्यांच्यापुढे धरली.

"आधी खाई ल्या सर. तुमना हात थरथरी ऱ्हायनात."