इटलीचे कानोले

आमचे धाकटे दीर लढाईहून परत आले, पण अन्नावरची वासना तिकडेच कुठेतरी टाकून आले. फौजेत ते मोटार हाकत. आधी आफ्रिका, मग इटली, असं फिरत फिरत साडेचार वर्षांनी ऐन थंडीत ते बुऱ्हाणपूरच्या स्टेशनावर उतरले, तेव्हा मला या घरात येऊन जेमतेम आठ महिने झाले होते. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. उंच माणूस, गालाची हाडं वर आलेली, अंगात खाकी लोकरीचा कोट. आईच्या पाया पडले, मोठ्या भावाच्या पाया पडले, माझ्याकडे पाहून "वहिनी ना?" म्हणाले आणि गच्चीवर जाऊन बसले ते जवळजवळ महिनाभर तिथेच बसले.

सासूबाईंनी काही करायचं बाकी ठेवलं नाही. पुरणाचे मांडे झाले, वरण-बट्टी झाली, केळफुलाची भाजी झाली, शनवारा भागातल्या हलवायाकडून माव्याची जिलबी आली. भाऊजी पाटावर बसायचे, दोन घास चिवडायचे, पाणी प्यायचे आणि म्हणायचे, "बस, आई." तो कोट त्यांच्या अंगावर दर आठवड्याला मोठा होत चालला होता. वैद्यबुवांनी नाडी पाहिली आणि सांगितलं, पोटात काही नाही, मनात आहे. "मनातलं काढायला काय एरंडेल देऊ?" असं सासूबाईंनी त्यांना तोंडावर विचारलं. त्या कोणाला भीत नसत. पण वैद्यबुवा गेल्यावर तांदूळ निवडता निवडता मला म्हणाल्या, "पोरी, हा असाच वाळत गेला तर उन्हाळा बघायचा नाही. फौजेनं माझा पोरगा ठेवून घेतला अन त्याचा कोट तेवढा पाठवला." त्यांचे हात सुपात तसेच थांबले होते. मी त्यांच्या सुपातले खडे वेचत बसले.

ते दिवस आठवले की मला सगळं धुक्यातूनच दिसतं. खोटं कशाला सांगू, त्यातलं खरं धुकं किती आणि माझ्या म्हातारपणाचं किती, हे आता मलाच कळत नाही. सकाळी तापीवरून पांढरं काहीतरी उठायचं आणि गल्लीत येऊन बसायचं. दुपारी ते विरलं की गच्चीवरून लांब असीरगडाचा डोंगर दिसायचा, निळा, पाण्यात धरल्यासारखा हलता. भाऊजी त्याच्याकडे तोंड करून बसत. एका दुपारी मी पेरूच्या फोडी घेऊन वर गेले. मी सतरा वर्षांची, जिभेला हाड नाही. मी सरळ विचारलं, "भाऊजी, आमच्या हातचं तुम्हाला गोड लागत नाही. मग तिकडे खायचात तरी काय?"

मला वाटलं, आता हा माणूस रागावणार. पण ते डोंगराकडेच पाहत म्हणाले, "तिकडचे डोंगरही असेच होते. फक्त वर बर्फ." आणि मग ते बोलायला लागले. एका मंगळवारी त्यांची मोटार बर्फात रुतली. वरच्या गावातल्या एका म्हातारीने त्यांना आणि त्यांच्या जोडीदाराला गोठ्यात जागा दिली. पाच दिवस तिथे होते. म्हातारीचा मुलगा लढाईत गेला होता, त्याचा पत्ता नव्हता. एकमेकांची भाषा येत नव्हती, पण ती रोज हातवारे करून सांगायची की रविवारी मी तुम्हाला अमुक करून घालणार. त्यासाठी ती दूध साठवत होती, कुठून कुठून मूठमूठ पीठ आणत होती. त्या पदार्थाचं नाव होतं कनेलोनी.

नाव सांगून ते थांबले नाहीत. कणीक कशी तिंबतात, लाटून चौकोन कसे कापतात, ते उकळत्या पाण्यातून कसे काढतात, आत सारण घालून सुरळी कशी करतात, वर टमाट्याचा रस ओतून भट्टीत कसे भाजतात, सगळं हवेत हात फिरवून दाखवलं. त्यांच्या हातांकडे पाहता पाहता मला तो बर्फ, ती चूल, ती बाई, सगळं आमच्याच गच्चीवर आल्यासारखं वाटायला लागलं. पेरूच्या फोडी तशाच राहिल्या. मी विचारलं, "लागतं कसं हो?" त्यावर त्यांनी तोंड पुन्हा डोंगराकडे फिरवलं. मला वाटलं, चव काही शब्दांत सांगता येत नाही.

मी धावत खाली आले आणि सासूबाईंना सांगितलं की भाऊजींचा जीव कशात अडकलाय ते मला कळलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे साडेचार वर्षं मी इथे देव पाण्यात घालून बसले, आणि याला आठवण कोणाची, तर पाच दिवसांच्या त्या बाईची," त्या म्हणाल्या. बराच वेळ भांडी आदळत राहिल्या. एक परात तर माझ्या पायाशी आली. मग आपणच ती उचलली आणि म्हणाल्या, "बोलाव त्याला खाली. विचार, काय काय लागतं. तिला जमलं ते मला का जमू नये?"

भाऊजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसले. "नाव काय म्हणालास?" सासूबाईंनी विचारलं. "कनेलोनी." "म्हणजे आपले सारणाचे कानोलेच की," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात ते इटलीचे कानोले झाले. मग सारणाचा विषय निघाला.

"आत चीज भरतात," भाऊजी म्हणाले.

"कोणती चीज?"

"चीजच, आई."

"अरे बाबू, चीज तर सगळीच असते. कांदा चीज आहे, लसूण चीज आहे. नाव सांग की तिचं."

"नावच चीज."

आमच्या बुऱ्हाणपुरात मराठी आणि हिंदी अशी कालवलेली की कोणती कुठे संपते ते बोलणाऱ्यालाही कळत नाही. सासूबाई आता चिडायच्या बेतात होत्या. मी पदर तोंडात कोंबून हसले, तर भाऊजींच्या ओठाचाही एक कोपरा हलला. मग त्यांनी समजावून सांगितलं: दूध तापवायचं, त्यात आंबट पिळायचं, दूध फाडायचं आणि चोथा कापडात बांधून टांगायचा.

"फाडायचं?" सासूबाई म्हणाल्या. "आपल्या हातानं?"

त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. मला कारण ठाऊक होतं. दारात गाय असताना दूध मुद्दाम नासवू नये, हे तर सगळ्याच घरांत होतं. पण सासूबाईंचं त्याहून पुढे गेलेलं. मुलगा लढाईवर गेल्यापासून त्यांनी मनाशी धरलं होतं की दूध नासलं नाही तोवर पोरगा सुखरूप आहे. वैशाखातसुद्धा त्या दिवसातून चारदा दूध तापवत, भांडं ओल्या फडक्यात ठेवत. आमच्या यजमानांनी मला सांगितलं होतं, एकदा भर उन्हाळ्यात दूध फाटलंच, तर भाऊजींचं पत्र हातात पडेपर्यंत त्यांनी तोंडात अन्न घेतलं नाही. तेरा दिवस नुसत्या ताकावर राहिल्या. भाऊजींना हे कोणी कधी सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "दह्याचा चक्का घेतला तर चालणार नाही का?"

"नाही," भाऊजी म्हणाले. "राहू दे, आई. मी सहज सांगत होतो." आणि उठून पुन्हा जिन्याकडे निघाले.

"बैस," सासूबाई म्हणाल्या. "तुझं घर सुटलं, तुझी भूक सुटली, आता मी दुधाचं काय घेऊन बसू? रविवारी करू."

रविवारी दूध चुलीवर चढलं. लिंबू मी कापलं, तर त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं. म्हणाल्या, "पाप लागलं तर मला लागू दे. तुझी कूस अजून उजवायची आहे." दूध वर आलं तसं त्यांनी डोळे मिटले आणि लिंबू पिळलं.  पांढरं दूध बघता बघता दुभंगलं, हिरवट पाणी वेगळं झालं. त्या कितीतरी वेळ त्या भांड्यात पाहत उभ्या होत्या, आणि मग त्यांनी मागे वळून भाऊजी उंबऱ्याशी बसलेत ना, ते पाहिलं. मला त्या क्षणी त्यांची इतकी माया वाटली की आधीच्या नऊ महिन्यांतलं सगळं टोचून बोलणं मी तिथल्या तिथे माफ केलं. नंतर पुन्हा आठवलं, ते वेगळं.

चोथा खुंटीला टांगला. कणीक पुरणाच्या मांड्यांना घेतात तशी वस्त्रगाळ करून घेतली होती. म्हातारी त्यात अंडी घालायची, पण त्याचं नाव भाऊजींनी आमच्या घरात हळू आवाजात एकदाच काढलं आणि सोडून दिलं. मी लाटायला बसले. "आणखी पातळ," ते म्हणायचे. "खालचा पोळपाट दिसला पाहिजे." चौकोन कापले, आधणात सोडले, ओल्या धोतरावर पसरले. चोथ्यात पालक, मिरपूड आणि जायफळ. जायफळ ऐकून सासूबाईंना बरं वाटलं. म्हणाल्या, "तिच्या घरीपण पुरण होत असणार." सुरळ्या भाऊजींनी स्वतः वळल्या. मोटार हाकून राठ झालेली ती बोटं, पण एकही पदर फाटला नाही. कल्हईच्या लंगडीत, म्हणजे पसरट पातेल्यात, त्या एकीला एक लावून निजवल्या, वर टमाट्याचा रस आणि तूप.

भट्टी कुठून आणणार? सासूबाईंनी अंगणात गोवऱ्या पेटवल्या, बट्टीला करतात तसा निखाऱ्यांचा आर पाडला, लंगडी वर ठेवली आणि झाकणावरही निखारे घातले. आम्ही तिघं भोवती बसून राहिलो. ऊन भिंतीवरून हळूहळू सरकत होतं. धूर सरळ वर जात होता, गाय रवंथ करत होती, आणि टमाट्याचा, तुपाचा, भाजल्या कणकेचा असा काही वास यायला लागला की आमच्या अंगणाला तो आधी कधी आलाच नव्हता. भाऊजींनी डोळे मिटले होते. मला वाटलं, आता हा माणूस झोपणार. किती वेळ गेला कोण जाणे. मला तर आजही ती दुपार संपलेली वाटत नाही.

झाकण काढलं. खाली जरा लागलं होतं, वर मात्र छान सोनेरी. आमचे यजमान शिकवणीहून आले होते, तेही पाटावर बसले. सासूबाईंनी भाऊजींच्या ताटात दोन सुरळ्या वाढल्या, समोर बसल्या आणि न राहवून विचारलं, "तिच्यासारखे झाले का रे?"

भाऊजी ताटाकडे पाहत राहिले. म्हणाले, "माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? खाऊन सांग."

"आई, मी तिकडे ते खाल्लंच नाही."

मग त्यांनी सांगितलं. त्या रविवारी म्हातारीने भांडं भट्टीत घातलं आणि खालून हुकूम आला की ताबडतोब निघा. ती दारात आडवी उभी राहिली. बोटं दाखवून सांगत होती, थोडंच, थोडंच थांब, जेवून जा. भाऊजी थांबले नाहीत. मोटार सुरू केली तर ती बर्फातून मागे धावत आली. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने परतले, तेव्हा त्या घरावर तोफेचा गोळा पडलेला होता. घरही नव्हतं आणि म्हातारीही नव्हती. "ताट समोर आलं ना आई, की ती धावताना दिसते," भाऊजी म्हणाले. "जेवून जा म्हणते."

 सासूबाईंनी तिचा किती हेवा केला होता, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "नाव काय होतं तिचं?"

"नाव नाही विचारलं. सगळे तिला मम्मा म्हणायचे."

"म्हणजे आईच ना," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "सूनबाई, आणखी एक पान घे."

मी केळीचं पान आणलं. त्यांनी त्यावर दोन सुरळ्या वाढल्या, चांगल्या, न लागलेल्या. पानाभोवती पाणी फिरवलं, डोकं टेकलं. आमचे यजमान म्हणाले, "कावळ्याला ठेवू का?" तर म्हणाल्या, "नको. त्या माउलीला आपल्या कावळ्याची रीत काय ठाऊक? गाईला घाल. गाय सगळ्यांची असते." भाऊजी स्वतः उठले, पान दोन्ही हातांनी उचलून गाईपुढे धरलं. तिने ते पानासकट खाल्लं. ते हात धुऊन परत येऊन बसले.

"ती उपाशी होती रे बाबू," सासूबाई म्हणाल्या. "तिच्याआधी तुझ्या घशाखाली कसं उतरेल? आता जेव."

भाऊजींनी सुरळी मोडली. एक घास घेतला, चावला, गिळला. दुसरा घेतला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो, त्यांना ते कळतही असेल. तिसऱ्या घासाला ते थांबले आणि म्हणाले, "आई, मीठ कमी आहे."

सासूबाईंच्या स्वयंपाकाला नाव ठेवण्याची त्या घरात कोणाची टाप नव्हती. मी मीठ आणायला उठले, तर त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं आणि स्वतः आत गेल्या. मिठाचं मडकं दाराशीच होतं, पण त्यांना बाहेर यायला बराच वेळ लागला.